टोपली किती वेळा सरकली

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. जमिनीचं तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र हातात घेऊन मी एका चौकात उभी होते. डांबरावर रोखलं, ६१ अंश. पेव्हर ब्लॉकवर ५६. मधल्या बेटाच्या ग्रॅनाइटच्या कठड्यावर ५४. हवेचं तापमान त्या दिवशी ४० होतं. मग कोपऱ्यातल्या एकुलत्या करंजाखाली गेले. बुंध्याभोवती परातीएवढी माती उघडी राहिली होती. तिथे आकडा आला ३६. दहा पावलांत पंचवीस अंशांचा फरक.

मी वहीत आकडे उतरवत होते. समोर जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत एक भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्या उठल्या, कोथिंबीर-पालकाची टोपली दोन हात पुढे ओढली, वरचं ओलं गोणपाट सारखं केलं आणि पुन्हा बसल्या. सावली सरकली होती म्हणून त्याही सरकल्या होत्या. पाच वाजेपर्यंत मी तिथे होते. तेवढ्यात टोपली चार वेळा सरकली. मी ते समासात लिहून ठेवलं, कारण तापमानाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. अठरा वर्षं बागा, आवारं, तलावांचे काठ अशी कामं केली. हा चौक माझ्याकडे आला तो ‘सुशोभीकरण’ या शब्दासकट. एक कारंजं, रंगीत दिवे, मधल्या बेटावर हिरवळ आणि भोवती स्टीलची कुंपणं, असा आराखडा आधीच कुणीतरी कागदावर काढलेला होता. चौकाचं आणि शहराचं नाव मी इथे देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहरात असा चौक सापडेल.

त्याच दिवशी रिक्षा स्टँडवरच्या काकांनी त्यांच्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला. मागच्या सप्टेंबरमधला. मी जिथे ६१ अंश मोजले होते, बरोबर तिथे रिक्षाची पुढची चाकं पाण्यात बुडालेली. “अर्धा तास पडला असंल पाऊस,” काका म्हणाले, “आन् गुडघाभर पानी. दुकानदार वाट्यांनी पानी बाहेर काढत होते.” मी फोटोकडे पाहिलं, पायाखालच्या डांबराकडे पाहिलं. तोवर माझ्या वहीत उन्हाची पानं वेगळी होती आणि पाण्याची वेगळी. त्या दुपारी कळलं की दुखणं एकच आहे.

ते कळायला घरातला माठ पुरेसा आहे. माठातलं पाणी गार होतं ते माठ पाझरतो म्हणून. बाहेर आलेला ओलावा हवेत उडताना आतली उष्णता घेऊन जातो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे चोवीस लाख ज्यूल ऊर्जा लागते, आणि ती पाणी भोवतालातूनच घेतं. उघडी माती आणि झाडाची पानं हेच काम दिवसभर करत असतात. त्याच माठाला बाहेरून तैलरंग फासला तर पाणी गार होणार नाही. आपण चौकांना तो रंग फासला आहे. डांबर, सिमेंट, पेव्हर, त्याखाली पुन्हा सिमेंट. उन्हाळ्यात त्यातून ओलावा वर येत नाही म्हणून चौक तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्यातून पाणी खाली जात नाही म्हणून तोच चौक कढईसारखा भरतो. रात्री नऊ वाजता मी पेव्हरवर पुन्हा यंत्र धरलं, तेव्हाही ३८ अंश होते. दिवसा साठवलेली उष्णता तो चौक रात्री भोवतालच्या घरांना परत देत होता.

पुढच्या आठवड्यात चाचणीचा खड्डा खणला. डांबराचे पाच थर निघाले, मिळून एक फूट दोन इंच जाडी. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवलेला. रस्ता वर गेला तशी दुकानं खाली गेली. दुकानदारांनी उंबऱ्यापाशी विटांचा बांध का घातला होता, ते त्या खड्ड्यात दिसलं. थरांच्या खाली मुरूम लागला, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात गाळाची काळी, ओलसर माती. तिथे कधीकाळी ओढा होता. एका वयस्कर शिंप्यांनी सांगितलं की लहानपणी ते त्यात खेकडे पकडायचे. ओढा स्लॅबखाली गेला, त्याचा उतार मात्र तिथेच राहिला. पाणी दर पावसाळ्यात जुन्या पत्त्यावर येत होतं.

ओढ्याला विसरण्याची किंमत मी जवळून पाहिली आहे. माझं घर पुण्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, काठच्या सोसायट्यांच्या भिंती पडल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी एकमेकांवर चढलेल्या गाड्यांच्या मधून चालताना मला सारखं वाटत होतं, आपण नकाशे काढणारी माणसं. या पाण्याची वाट आपल्या नकाशांत कुठे होती? पुढे नागपूरनं तेच पाहिलं. ज्या शहरात मे महिन्यात चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या ताणाव्या लागतात, तिथेच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं. हवा एक अंशानं तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ऊन वाढतं तशा सरीही जोरदार होतात, त्या यामुळे.

काम हाती घेताना मला दोन जागा आठवत होत्या. एक रोटरडॅममधली. तिथे २०१३ मध्ये बेंथेमप्लेन नावाचा ‘पाण्याचा चौक’ खुला झाला, ‘दे उर्बानिस्तेन’ या संस्थेनं रचलेला. मी २०१६ मध्ये तो पाहायला गेले, तेव्हा तो कोरडा होता आणि खोलगट भागात मुलं चेंडू खेळत होती. तीन हौद आहेत. दोन उथळ हौद साध्या पावसातही भरतात, तिसरा, खेळाचा खोल हौद, मोठ्या पावसातच. सगळे मिळून सुमारे १७ लाख लिटर पाणी थोपवतात. शेजारच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना आणि चर्चमधल्या लोकांना बसवून तो आराखडा ठरवला होता. पायऱ्यांवर बसून मी कितीतरी वेळ त्याचे उतार वहीत काढत होते.

दुसरी जागा घरचीच. पुण्याच्या पेठांत फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही पत्त्यात लिहितात. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळानं पाणी शहरात आणलं गेलं आणि हौदांतून लोकांना मिळालं. वाटेत हवा सुटण्यासाठी नळावर उच्छ्वास बांधले होते. नळानं श्वास सोडावा यासाठी सोय करणारी आणि तिला असं नाव देणारी माणसं पाण्याला जिवंत समजत असणार. आणि हौदांइतकेच नेमानं होते पार. सदाशिव पेठेतला नागनाथ पार आजही त्या नावानं ओळखला जातो. वड-पिंपळाभोवती दगडी ओटा, त्यावर टेकलेली माणसं. पाणी आणि सावली, या दोन गोष्टींभोवती चौक जमत होता. मग वाहनं आली, आणि चौक म्हणजे चार रस्ते जिथे एकमेकांना अडवतात ती जागा, एवढाच अर्थ उरला. मला त्या चौकात हौद आणि पार परत आणायचे होते, आजच्या रूपात.

रोटरडॅमची नक्कल चालणार नव्हती. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. आपल्याकडे आठ महिने धूळ आणि मग चार महिन्यांत सगळा पाऊस, तोही तासाभराच्या तडाख्यांत. सिमेंटचा खोल हौद आपल्याकडे जानेवारीत कचराकुंडी झाला असता. म्हणून मी उघड्या मातीचा, झाडांचा खोलगट वाफा योजला.

हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या चौकाकडे उतरणारी जागा सुमारे ४,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. एप्रिलमध्ये ज्या गल्लीत टँकरसाठी भांडणं होतात, तिथेच सप्टेंबरमध्ये तासात वीस टँकर फुकट येऊन गटारात जातात. मला वाफ्यासाठी १२० चौरस मीटर मिळत होते. एक फूट खोल वाफा, खाली दोन फूट मोठी खडी. वर छत्तीस हजार लिटर, खडीच्या पोकळ्यांत अठ्ठावीस-एकोणतीस हजार. मिळून साडेसहा टँकर.

वाफा कुठे करायचा, हे जमिनीनं ठरवलं. दोन ठिकाणी खड्डे खणून पाणी भरलं आणि घड्याळ लावून बसलो. पश्चिमेला, जिथे आराखड्यात तो छान दिसत होता, तासाभरात पाणी बोटभर उतरलं. खाली कातळ होता. पूर्वेला, ओढ्याच्या जुन्या मातीत, नऊ सेंटिमीटर. वाफा पूर्वेला गेला. त्यासाठी चारचाकींच्या सात जागा काढाव्या लागल्या आणि त्या सात जागांसाठी पाच बैठका झाल्या. दुकानदारांची दुसरी भीती डासांची होती, आणि ती रास्त होती. अंड्यातून डास उडायला आठवडाभर लागतो. पाणी दोन दिवसांत आटलं तर तो तयार होत नाही. नऊ सेंटिमीटरच्या वेगानं वाफा सहा-सात तासांत रिकामा होणार होता. मी त्यांना चाचणीच्या खड्ड्यापाशी नेलं आणि पाणी उतरताना दाखवलं. त्यानंतर त्यातले दोघं माझ्या बाजूनं बोलू लागले.

सावलीच्या बाबतीत मात्र मी चुकले होते. माझ्या पहिल्या आराखड्यात झाडं मधल्या बेटावर होती, कारण तिथे जागा मोकळी होती आणि वरून पाहिलं की वर्तुळ सुंदर दिसत होतं. तो कागद घेऊन मी भाजीवाल्या मावशींपाशी बसले. त्यांनी बेटावर बोट ठेवून विचारलं, “हितं कोन बसतं?” कुणीच बसत नव्हतं. सावली लागत होती ती मावशींना, सिग्नलवर थांबणाऱ्या दुचाकीवाल्यांना, भर रस्त्यात उभ्या वाहतूक पोलिसाला आणि सकाळी सातपासून कामाची वाट पाहत मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या साठ-सत्तर बायाबापड्यांना. मग मी दोन दिवस फक्त माणसं मोजली, तासातासानं, कोण कुठे उभं आहे ते. सिग्नलच्या रेषेपासून चाळीस फूट अलीकडे, करंजाच्या सावलीत दुचाकी थांबत होत्या. झाडं कुठे लावायची हे त्यांनीच चौकात आखून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा उमगली. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या तासाला खांब, भिंत, इमारत, काहीच सावली देत नाही. वर पसरलेलं छत्रच लागतं. जमिनीला पांढरा रंग देण्याची सूचनाही आली होती. त्यानं फरशी गार राहते, पण ऊन परावर्तित होऊन उभ्या माणसाच्या अंगावर येतं. मला फरशी नव्हे, माणूस गार ठेवायचा होता.

करंज, अर्जुन, ताम्हण आणि एक उंबर ठरला. करंज, अर्जुन, उंबर ही ओढ्याकाठचीच झाडं. मुळांशी काही तास पाणी राहिलं तर तक्रार करत नाहीत. वाफ्यात वाळा आणि कर्दळ. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “झाड कितव्या वर्षी सावली देनार? तवर मी कुठं बसू?” याचं उत्तर माझ्या आराखड्यात नव्हतं. ते लग्नघरात होतं. मांडव. लोखंडी नळ्यांची चौकट, वर बांबूच्या चटया, पावसाळ्याआधी उतरवायच्या आणि होळीनंतर पुन्हा चढवायच्या. झाड मोठं होईपर्यंत मांडवानं राखण करायची. बाजूला पाणपोईचे दोन रांजण आणि मजुरांसाठी पाठ टेकता येईल असा लांब दगडी ओटा.

बांधकामात सर्वांत वाईट दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. वाफ्यातली खडी, वाळू, माती सगळं भरून झालं होतं. शेजारी ओट्याचं काम चालू होतं आणि संध्याकाळी कुणीतरी सिमेंटचा मिक्सर धुतलेलं पाणी त्या वाफ्यात सोडलं. सकाळी पाहिलं तर मातीवर राखाडी पापुद्रा धरलेला, वाटीनं पाणी ओतलं तर तसंच वर उभं. पाझरण्यासाठी केलेल्या जागेला एका रात्रीत तोच तैलरंग लागला होता. वरचा हातभर थर काढून पुन्हा भरावा लागला. मला राग आला होता, पण खरी चूक आमच्या कागदांत होती. मिक्सर कुठे धुवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या मजुरासाठी तो मातीचा खड्डा होता. तो काय आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक कामात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवते, माठाचं उदाहरण सांगते आणि मग फावडं उचललं जातं.

पहिला मोठा पाऊस जुलैत, रात्री दहाला आला. मी छत्री घेऊन उभी होते. रस्त्यावरून पाणी धावत आलं, वाफ्यात शिरण्यासाठी रस्त्याकडेच्या कर्बमध्ये ठेवलेल्या खाचांसमोरून वेगानं निघून गेलं आणि पूर्वीच्याच जागी साठलं. वाफ्यात जेमतेम घोटाभर. कागदावर सगळे उतार बरोबर होते. मुकादम अनवाणी पाण्यात उतरले. एका खाचेसमोर त्यांनी पाऊल तिरकं धरलं. त्या पावलाला आपटून पाणी वळलं आणि वाफ्यात शिरलं. “ताई,” ते म्हणाले, “पान्याला वाट दाखवाया लागती. नुसतं दार उघडून भागत न्हाई.” दुसऱ्या दिवशी आम्ही खाचा रुंद केल्या, तिरक्या कापल्या, त्यांच्यापुढे रस्ता दोन इंच खोलगट केला आणि त्यांच्या पावलाच्या जागी एकेक काळा दगड बसवला. पुढच्या पावसात वाफा काठोकाठ भरला. रात्री अकराला भरलेला वाफा पहाटे साडेपाचला रिकामा होता.

उरलेल्या साडेतेरा टँकरांचं काय, हा प्रश्न मला तेव्हाही होता, आजही आहे. दोन सरी लागोपाठ आल्या तर चौकात अजूनही पाणी येतं, पूर्वीच्या निम्म्याहून कमी, पण येतं. चौक हे पाण्याचं शेवटचं स्टेशन. ते निघतं वरच्या अंगाच्या शाळेच्या फरसबंद मैदानातून, सोसायट्यांच्या पार्किंगमधून, देवळाच्या आवारातून. तिथेही एकेक वाफा झाला तर चौकाला त्याच्या वाट्याचंच पाणी मिळेल. त्यातली शाळा गेल्या वर्षी तयार झाली. मैदानाच्या कडेची फरशी काढून मुलांनी स्वतः चर खणला.

आणि सांभाळणं. वडा-पावचा कागद, पानं, गुटख्याची पुडी, एवढ्यानं खाच बुजते आणि सगळा हिशेब वाया जातो. उद्घाटनाच्या फलकावर बरीच नावं आहेत. पहाटे चौक झाडणाऱ्या ताईंचं नाव त्यात नाही. पावसाळ्यात रोज झाडूच्या दांड्यानं त्या सहा खाचा मोकळ्या करतात. मी त्यांना एकदाच दाखवलं होतं की पाणी इथून आत जातं. आता वाफ्यात राडारोडा टाकायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला त्या हटकतात. असल्या चौकाच्या खर्चात त्यांच्या कामाचा तास धरलेला असावा, हे मी आता प्रत्येक निविदेत लिहिते आणि तो आकडा खोडला गेला तर पुन्हा लिहिते.

तिसऱ्या वर्षी मेमध्ये मी तेच यंत्र घेऊन त्याच वेळी गेले. डांबर ६० अंश. तिथे काहीच बदललं नव्हतं. मांडवाखालचा ओटा ३९. वाफ्यातली वाळ्याच्या सावलीतली माती ३४. अर्जुन दुमजली घराएवढा झाला होता, ताम्हण जांभळ्या फुलांनी भरला होता, उंबर अजून माझ्या खांद्याइतकाच. मजूर अड्ड्यावरच्या दोघी ओट्याला पाठ लावून डबा खात होत्या. मावशी मांडवाच्या टोकाला होत्या, करंजाच्या बाजूला. मी पाणपोईतलं पाणी प्यायले, ओट्यावर बसले आणि पाच वाजेपर्यंत पाहत राहिले.

टोपली एकदाच सरकली. या वेळी वहीत तिच्यासाठी रकाना आखलेला होता.